सुंगटाचा काटा

गेल्या महिन्यात म्हापशाच्या बाजारातून मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या दारापाशी धरलेली, ताजी सुंगटे (कोळंबी) आणली होती. ती सोलताना एकाच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा माझ्या मधल्या बोटात घुसला आणि त्याचे टोक आतच मोडले. मासळी निवडणाऱ्या प्रत्येक गोवेकराला हा काटा केव्हा ना केव्हा लागलेला असतो, त्यामुळे बोट नळाखाली धरून मी पुन्हा कामाला लागलो. संध्याकाळपर्यंत बोट लाल होऊन सुजले, रात्री त्याने ठणका धरला आणि तिसऱ्या दिवशी काखेत दुखरी गाठ हाताला लागली. "अवधाण आलंय, काटा आत राहिलाय," असे आईने बोटाकडे न पाहताच सांगितले. जीवशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या मला त्या दोन वाक्यांत भर घालण्यासारखे काही नव्हते. तरी त्या बोटात आणि काखेत नेमके काय चालले होते, ते लिहून ठेवावेसे वाटते.

खाडीकाठच्या सखल खाजन शेताला जसा खारे पाणी अडवणारा बांध, तशी शरीराला त्वचा असते. ती शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतू बाहेरच राहतात. अश्रूंतले लायसोझाइम हे जंतुनाशक द्रव्य, श्वासमार्गातला चिकट द्राव आणि जठरातले आम्ल हीही राखणीचीच ठाणी होत. काट्याने बांध फोडला, की त्वचेखाली कायमच्या वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशी जाग्या होतात. आलेला जंतू नेमका कोणता, हे त्यांना कळत नाही. मात्र जिवाणूंच्या आवरणात असणारे आणि आपल्या पेशींत कधीच नसणारे काही रेणू त्या ओळखतात, आणि तेवढी ओळख पुरते. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन द्रव पाझरतो, म्हणून सूज येते. आणि त्याच फटींतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने जखमेत उतरतात. जंतू गिळता गिळता त्या स्वतःही मरतात, आणि आपण ज्याला पू म्हणतो तो बराचसा त्यांच्या मृत देहांचाच असतो. ठणका, सूज आणि पू हा सगळा खटाटोप मुख्यतः आपल्याच शरीराने मांडलेला असतो.

गंमत म्हणजे ही गोष्ट माणसाला पहिल्यांदा उमगली तीही काट्यामुळेच, आणि तीही समुद्रकाठी. सिसिलीतल्या मेसिना गावी 1882 साली इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात (पिल्लावस्थेतल्या जिवात) बागेतल्या गुलाबाचे काटे टोचले, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. भक्षकपेशींचा सिद्धान्त तिथून उभा राहिला. रोगाशी लढते कोण, पेशी की रक्तातली द्रव्ये, यावर पुढे बरीच वर्षे कडाक्याचा वाद झाला. अखेर 1908 चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रवाची बाजू मांडणारे पाउल एर्लिश या दोघांना विभागून दिले गेले, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

मला टोचणाऱ्या सुंगटाजवळही भक्षकपेशी असतात, मात्र त्याची व्यवस्था जवळपास तिथेच संपते; प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक जंतूला किंवा विषाला नेमकी चिकटणारी प्रथिने, त्याच्या शरीरात तयार होतच नाहीत. आपल्याकडे पुढचा अध्याय काखेत सुरू होतो. जखमेतल्या डेंड्रायटिक नावाच्या पेशी जंतूंचे तुकडे घेऊन काखेतल्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपुढे ते धरतात. प्रत्येक लिम्फोसाइटला एकाच आकाराची ओळख असते, आणि अशा वेगवेगळ्या आकारांच्या लक्षावधी पेशी आधीच तयार असतात. मोजक्या जनुकांतून इतके आकार येतात कुठून, या कोड्याचे उत्तर सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये दाखवून दिले: या पेशी वाढत असताना जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडले जातात. ज्या पेशीचा आकार आलेल्या तुकड्याशी जुळतो, ती भराभर विभागू लागते आणि ग्रंथी फुगते. आईचे अवधाण ते हेच. लिम्फोसाइटांपैकी बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात, टी पेशींपैकी काही बाधित पेशींना मारतात, तर काही बाकीच्यांना हुकूम देतात. पहिल्या भेटीत या सगळ्याला आठवडाभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो.

धनुर्वाताच्या बाबतीत तेवढी उसंत मिळेल याची खात्री नसते. आरोग्य केंद्रात काटा काढल्यावर सिस्टरनी "मागचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?" असे विचारले, आणि मला वर्ष आठवेना. धनुर्वाताच्या जिवाणूचे विष इतके जहाल असते, की जिवावर बेतेल एवढी त्याची मात्राही प्रतिकारशक्ती जागी करायला अपुरी पडते. म्हणून हा रोग एकदा होऊन बरा झालेल्यालाही लस घ्यावी लागते. लशीत तेच विष निरुपद्रवी करून दिलेले असते. पूर्वीच्या लशींनी मागे ठेवलेल्या स्मृतिपेशी नव्या इंजेक्शननंतर थोड्याच दिवसांत प्रतिपिंडांचा साठा वाढवतात.

म्हणूनच दुकानातल्या 'इम्युनिटी वाढवा' लिहिलेल्या डब्यांपुढे मी नेहमी अडखळतो. वाढवायचे ते नेमके काय? माझ्या भाच्याची प्रतिकारयंत्रणा मुळीच दुबळी नाही, पण सुंगटाच्या स्नायूंतले ट्रोपोमायोसिन नावाचे निरुपद्रवी प्रथिन तिने शत्रू म्हणून नोंदवून ठेवले आहे. त्या प्रथिनासाठी बनलेली आयजीई प्रकारची प्रतिपिंडे त्याच्या ऊतींतल्या मास्ट नावाच्या पेशींवर चिकटून बसलेली असतात, आणि सुंगटांच्या हुमणाचा (आमटीचा) एक घास पोटात गेला की त्या पेशी हिस्टामिन हे सूज आणणारे रसायन ओततात; ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, आणि एकदा तर धाप लागल्यामुळे त्याला मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले होते. हे प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही, त्यामुळे हुमण कितीही उकळले तरी त्याचा काही उपयोग नाही.

गोव्यातल्या घरात हे दुःख लहान नव्हे. त्या दिवशीही आम्ही सुंगटे खाल्ली, आणि त्याच्यासाठी आईने वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने बांगड्याची उडदमेथी केली. बांगड्याला त्याच्या शरीराची अजून तरी काही हरकत नाही.