न विझणारा अग्नी आणि पऱ्हाटीचा ढीग

फाल्गुनात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, उपटण्याचे काम सुरू होते. चुलीपुरत्या मोळ्या घरी येतात आणि बोंडअळीच्या धास्तीने उरलेल्या पऱ्हाट्यांचा वावराच्या कोपऱ्यात ढीग करून तो संध्याकाळी, वारा पडल्यावर, पेटवला जातो. यंदा ढीग पेटवला तेव्हा आई माझ्यासोबत धुऱ्यावर उभी होती. मामाला जाऊन दीड महिना झाला होता. मामाने बाप्तिस्मा घेतला नव्हता आणि उपासनेला तो कधी आला नाही, मात्र नाताळाच्या फराळाला त्याने एकही वर्ष चुकवले नव्हते. त्याच्यामागे आमच्या घरी झालेल्या प्रार्थनासभेत बाहेरगावच्या एका पाळकांनी नरकावर तासभर संदेश दिला होता, आणि तो आईच्या मनातून गेला नव्हता. जाळाकडे पाहत तिने विचारले, "माहा भाऊ अजूनबी जळतच असन काय रे?"

मी शिक्षक आहे, वर्षातून तीन-चार वेळा मंडळीत वचन सांगण्याची पाळी माझ्यावर येते, आणि तरीही त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर पवित्र शास्त्र उघडून बसलो, ते पुढचे कित्येक दिवस. नरकात माणूस कायम जळत राहतो की अखेर नष्ट होतो, या प्रश्नात माझे मत दुसऱ्या बाजूला झुकले, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली अडचण 'नरक' या शब्दातच आहे. हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उकळत्या तेलाची कढई, यमदूत आणि कुंभीपाक उभा राहतो, कारण मयताच्या घरी दहा दिवस गरुडपुराण वाचले जाते आणि ते शेजारच्या ओसरीवरून आमच्याही कानांवर पडत आले आहे. गंमत अशी की त्या परंपरेतल्या नरकाला मुदत आहे. पापाचे भोग सरले की जीव पुढच्या जन्माला जातो. आम्ही ख्रिस्ती लोकांनी चित्र तिथले घेतले आणि मुदत मात्र काढून टाकली. येशूच्या तोंडचा मूळ शब्द 'गेहेन्ना' आहे, आणि ते यरुशलेमच्या दक्षिणेकडच्या हिन्नोम नावाच्या खोऱ्याचे नाव आहे. आहाज आणि मनश्शे या राजांनी त्या खोऱ्यात आपली मुले होमून टाकली, योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून ते प्रकार बंद पाडले, आणि यिर्मया संदेष्ट्याने सांगितले की या खोऱ्याला पुढे वधाचे खोरे म्हणतील आणि तिथे प्रेते पाखरांचे व श्वापदांचे खाद्य होतील. तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, ही प्रवचनांत हमखास येणारी गोष्ट मीही दोनदा सांगितली आहे. पण ती येशूनंतर सुमारे बाराशे वर्षांनी होऊन गेलेल्या दाविद किम्ही या यहुदी भाष्यकाराच्या लिखाणातून आलेली आहे, म्हणून आता ती सांगत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातले 'त्यांचा किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही' हे शब्द यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या अगदी शेवटच्या वचनातून घेतलेले आहेत. ते वचन सावकाश वाचले तर लोक बाहेर जाऊन प्रेते पाहतात, असे तिथे लिहिले आहे. किडा आणि अग्नी प्रेतांना लागलेले आहेत. यातना भोगणारा जिवंत माणूस त्या वचनात नाही.

बाप्तिस्मा करणारा योहान तर थेट आमच्या खळ्यातलीच भाषा बोलतो: गहू कोठारात साठवला जाईल आणि भुसा न विझणाऱ्या अग्नीने जाळला जाईल. आमच्याकडे त्याला कुटार म्हणतात, आणि कुटार जाळणाऱ्या माणसाला हे वचन समजावून द्यावे लागत नाही. त्या संध्याकाळी पऱ्हाट्यांचा डोक्याएवढा ढीग अर्ध्या तासात गुडघ्याएवढा झाला. वाळकी बोंडे आधी तडतडून गेली, बारीक फांद्या मागोमाग, आणि मुळांकडचे जाड बुंधे तेवढे रात्री उशिरापर्यंत लाल धुमसत राहिले. मध्येच तो जाळ विझवायचा म्हटले असते तर डबकीभर पाण्याने काही झाले नसते. सकाळी तिथे पांढरी राख होती. यिर्मयाने यरुशलेमच्या वेशींना लागणाऱ्या अग्नीबद्दलही 'तो विझणार नाही' असेच म्हटले आहे. बाबेलच्या सैन्याने ते नगर जाळले, पण त्या वेशी आज जळत नाहीत. म्हणजे न विझणारा अग्नी हा कोणाला थांबवता न येणारा अग्नी आहे. जळणारी वस्तू कधी संपणारच नाही, असा अर्थ त्यातून आपोआप निघत नाही. 'पापाचे वेतन मरण आहे' हे पौलाचे वाक्य आणि 'नाश होऊ नये' हे योहानाच्या शुभवर्तमानातले शब्द आपण तोंडपाठ म्हणतो, आणि संदेश देताना मात्र मरणाचा अर्थ न मरता जळत राहणे असा करतो. आत्मा अमर आहे, हे वाक्य आमच्या दफनविधीतही सर्रास ऐकू येते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात अमरत्व एकट्या देवाला आहे, असे लिहिलेले असताना हे वाक्य आम्ही प्लेटोकडून उचलले की शेजाऱ्यांकडून, हे एकदा तपासायला हवे.

दुसरी बाजू मात्र कच्ची नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या अखेरीस सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन एकाच वाक्यात शेजारी शेजारी आहेत, आणि पाचव्या शतकात ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने केलेला युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो: दोन्हीकडे विशेषण एकच असेल तर एक अंतहीन आणि दुसरे मुदतीचे कसे म्हणता येईल? दुष्टांचा अखेर नाश होतो असे मानणारे, म्हणजे नाशवादी, म्हणतात की शिक्षेचा परिणाम सार्वकालिक आहे, जसे फाशीची शिक्षा काही क्षणांत पार पडते पण ती परत घेता येत नाही. हे उत्तर मला पटते, पण ते ऐकताक्षणी पटणारे नाही. 'नाश करणे' या अर्थाने मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आलेले ग्रीक क्रियापदही सरळ नाही, कारण लूकाच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या मेंढरासाठी तेच वापरले आहे आणि ते मेंढरू तर जिवंत सापडते. सगळ्यात कठीण आहे प्रकटीकरण, पवित्र शास्त्राचे शेवटचे पुस्तक. चौदाव्या अध्यायात पिडेचा धूर युगानुयुग वर चढतो आणि त्या लोकांना रात्रंदिवस विश्रांती नाही. धुराची ही प्रतिमा यशयाने अदोम देशासाठी वापरली होती आणि अदोम आज धुमसत नाही, हे खरे. पण 'विश्रांती नाही' या शब्दांना माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. विसाव्या अध्यायात मरण आणि अधोलोक हीच अग्निसरोवरात टाकली जातात आणि त्याला 'दुसरे मरण' म्हटले जाते, एवढा आधार मी धरून ठेवला आहे.

आमच्या भागात सार्वकालिक यातनेची शिकवण घट्ट रुजली, याला इतिहास आहे. 1845 साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, आणि त्या चर्चचा पाया असलेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचा लेखी जाहीरनामा, 1646 साली लिहून पूर्ण झाला होता. त्यात दुष्टांना 'सार्वकालिक यातनांत' टाकले जाईल आणि 'सार्वकालिक नाशाची' शिक्षा होईल, हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. पुढच्या पिढ्यांनी त्यातला पहिला शब्द लक्षात ठेवला. 1988 मध्ये इंग्लंडचे पाळक व लेखक जॉन स्टॉट यांच्यासारख्या, पवित्र शास्त्राच्या अधिकाराबद्दल तडजोड न करणाऱ्या माणसाने दुष्टांचा अखेर नाश होतो असे आपल्याला वाटते, आणि हे मत आपण आग्रहाने मांडत नाही, असे लिहिले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत मोठे वादळ उठले. यवतमाळला 1953 ते 1983 अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी संस्था होती, पण ती पुण्याला गेल्यावर पाच वर्षांनी हा वाद पेटला. गावच्या मंडळीत त्याची चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

चैत्रात आई गच्चीवर कुरडया घालत होती, तेव्हा मी हे सगळे तिला जमेल तसे सांगितले. हिन्नोमचे खोरे, कुटार, राख. मामाचा न्याय देवाच्या हाती आहे आणि त्याबद्दल मी काही बोलू शकत नाही, हेही सांगितले. तिने सोऱ्या फिरवत सगळे ऐकून घेतले. मग हात थांबवून म्हणाली, "जळत नसन, हे बरं झालं. पन संपूनच गेला असन, त मंग मले तो तिथं दिसनारबी नाही ना?"

मी उन्हात बसून राहिलो. तिने सोऱ्यात पुन्हा चीक भरला.