तुम्ही विचारलंत म्हणून: वॉरफ्रेमबद्दल कुणाचं ऐकायचं?

‘वॉरफ्रेम कसा आहे? घालू काय लॅपटॉपात?’ असं मला दुकानात विचारणाऱ्यांत बारावीची पोरं असतात, पोरांच्या वतीने आलेले बाप असतात आणि गणपतीला गावी आलेले चाकरमानीही असतात. प्रश्नाचं शेपूट मात्र सगळ्यांचं एकच: ‘लोक तर काहीच्या काही बोलतात त्याच्याबद्दल.’ बोलतात खरे. एक सांगतो, याच्याइतका उदार गेम दुसरा नाही. दुसरा सांगतो, नुसती हमाली आहे, तीच तीच मोहीम किती वेळा करायची. तिसरा म्हणतो, को-ऑप, म्हणजे मिळून खेळायचा गेम कसला, चौघं चार दिशांना पळत असतात. मी मालवणात कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि रात्री शटर ओढल्यावर हा गेम खेळतो, म्हणून माणसं माझ्याकडे येतात. काउंटरवर स्क्रू ड्रायव्हर हातात धरून दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

गेम ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात लंडन नावाचं शहर आहे, तिथल्या डिजिटल एक्स्ट्रीम्स या कंपनीने मार्च २०१३ मध्ये तो पीसीवर आणला. उतरवायला पैसे पडत नाहीत. जास्तीत जास्त ४ जणांचं पथक मोहिमेवर जातं, हातात तलवारही असते आणि बंदूकही. मोहिमांत सुटे भाग नि ब्लूप्रिंट मिळतात, त्यांतून नवी हत्यारं आणि नवे योद्धे म्हणजे वॉरफ्रेम बनवायचे. सुरुवातीला एक्सकॅलिबर, मॅग आणि व्होल्ट यांच्यातला एक निवडावा लागतो. दिसायला देखणा आहे. पळण्या-उडण्याची याच्यासारखी मजा मला दुसरीकडे मिळाली नाही. कथेबद्दल एवढंच सांगतो, की २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘द सेकंड ड्रीम’मध्ये ती अशी काही वळते की जुने खेळाडू नव्या माणसाला त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मीही काढणार नाही.

आता लोकांची मतं. स्टीमवर, म्हणजे पीसीवरचे गेम जिथे मिळतात त्या ऑनलाइन दुकानात, प्रत्येक मताशेजारी त्या माणसाने गेम किती तास खेळलाय तो आकडा दिसतो. मी अंगठा वर आहे की खाली हे नंतर बघतो, आधी तास बघतो. १५-२० तासांवर वैतागून गेलेला आणि दोन-अडीच हजार तासांनंतर वैतागलेला, हे दोघं खरं म्हणजे दोन वेगळ्या गेमबद्दल बोलत असतात.

पहिल्याची तक्रार अशी की काही कळतच नाही. ती शंभर टक्के खरी आहे. गेम तुम्हाला अंतराळातल्या जहाजात सोडतो नि पुढे सगळं तुमच्यावर. मॉड, म्हणजे ताकद वाढवणारी कार्डं, कशी बसवायची, कुठला धातू कुठल्या ग्रहावर मिळतो, रिलिक म्हणजे काय, यातलं फारच थोडं तो स्वतः सांगतो. निम्मा गेम विकीवर वाचावा लागतो. दहा-बारा वर्षं एकावर एक मजले चढवलेत, जिना मात्र पहिल्याच मजल्याचा राहिलाय. त्यात वाट बघणं आलं: एक वॉरफ्रेम बनवायचा तर त्याचे तीन भाग प्रत्येकी १२ तास भट्टीत, मग ते जोडायला आणखी ७२ तास. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा गावातली बरीच पोरं दुसरं काहीतरी शोधत माझ्याकडे आली होती. सामना सुरू, पंचवीस मिनिटांत निकाल, या सवयीच्या पोरांना तीन दिवस थांबायला सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. त्यातली बहुतेक पळाली. टिकली ती ज्यांना कुणीतरी जुना खेळाडू सोबत मिळाला ती.

दोन हजार तासवाल्याची तक्रार उलटी. त्याच्याकडे सगळं आहे. एक बटण दाबलं की अख्ख्या दालनातले शत्रू आडवे, मागून येणाऱ्या तिघांना मारायला कुणी उरत नाही. तो म्हणतो आव्हान संपलं. कंपनीने त्याचं लाडकं हत्यार जरा कमजोर केलं, की हाच माणूस गेम बुडाला म्हणून बोंब ठोकतो. अशा मताने बिचकू नका. इतके तास काढून नाराज झालेला माणूस उद्या पुन्हा लॉगिन करतो हे मी आमच्याच क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात बघतोय.

राहिला तिसरा, को-ऑप कसला म्हणणारा. त्याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. साध्या मोहिमेत अनोळखी चौघं एकत्र आले, की जो तो शेवटच्या दाराकडे धावतो, बोलणं शून्य. सहकार्य बघायचं तर रिलिकच्या मोहिमेत बघा. रिलिक म्हणजे आत बक्षीस असलेली बंद डबी समजा. चौघं आपापलं एकेक रिलिक घेऊन जातात. शत्रूंकडून पडणारे १० कण गोळा केले की तुमचं रिलिक उघडतं. शेवटी चौघांची बक्षिसं एकाच पडद्यावर मांडली जातात आणि प्रत्येकाने त्यातलं हवं ते एक उचलायचं. तुम्ही माझं उचललंत म्हणून माझं कमी होत नाही. एखाद्याचं नशीब उघडून दुर्मीळ भाग निघाला, तर तो चौघांनाही मिळू शकतो.

आमच्याकडे किनाऱ्यावर रापण ओढतात. दोन्ही दोरांना माणसं लागतात, जाळं वाळूत आलं की माशांचे वाटे पडतात, आणि वाट्यावरून कुरबूर होतेच होते. रिलिकच्या मोहिमेत चौघांनी दोर ओढायचा आणि जाळ्यातला सगळ्यात चांगला मासा प्रत्येकाने घरी न्यायचा असा प्रकार आहे. म्हणून या गेममध्ये लुटीवरून भांडणं जवळजवळ दिसत नाहीत, आणि म्हणूनच जुने खेळाडू नव्यांना एवढी मदत करतात. त्यात त्यांचं काही जात नाही. चांगुलपणा स्वस्त करून ठेवलाय म्हणा हवं तर. मला त्यात काही वाईट दिसत नाही.

पण कोकणात बसून खेळणाऱ्याला एक गोष्ट आधी ठाऊक हवी, ती परदेशातल्या खेळाडूंच्या मतांत इतक्या ठळकपणे येत नाही. या गेमच्या मोहिमा कंपनीच्या सर्व्हरवर चालत नाहीत. पथकातल्या एकाचाच कॉम्प्युटर होस्ट होतो आणि बाकीचे तिघं त्याला जोडलेले असतात. होस्टचं नेट चांगलं तर सगळ्यांचं चांगलं. होस्ट रडतखडत असेल, तर तुम्ही दार उघडायचं बटण दाबता आणि दार विचार करत बसतं. होस्ट मधेच गेला तर खेळ थांबतो, पडद्यावर होस्ट मायग्रेशन अशी अक्षरं येतात आणि उरलेल्यांतला कुणीतरी नवा होस्ट होतो. बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी राहतं. कधी कधी राहत नाही, आणि ज्याची तासाभराची कमाई त्या फटीत गेली त्याचं मत मग तुम्ही स्टीमवर वाचता.

आता आमचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. ट्रॉलरवर जाणारी पोरं घरी असतात, त्यामुळे रात्री खेळायला माणसांची ददात नसते. आणि नेमका तोच काळ माडाची झावळी तारेवर पडायचा. आमच्या व्हॉइस चॅटवर त्या दिवसांत सगळ्यात जास्त ऐकू येणारा संवाद असा:

‘होस्ट खंय गेलो रे?’

‘लायट गेली त्याची.’

‘मेल्या, त्येका इन्व्हर्टर घी म्हणान सांगलंय नाय मी!’

आमचा नियम साधा आहे. पावसाळ्यात ज्याच्याकडे राउटरलाही बॅकअप आहे तोच मोहीम सुरू करतो, कारण सहसा सुरू करणाराच होस्ट होतो. फायबर आलेल्या घरातला पोरगा त्यामुळे आमच्यात मानाचा गणला जातो, मग त्याचा नेम कितीही वाईट असो. अनोळखी लोकांबरोबर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये पिंगची, म्हणजे होस्टपर्यंत निरोप जाऊन यायला लागणाऱ्या वेळेची मर्यादा खाली आणा. मोहीम मिळायला वेळ लागेल, पण मिळेल ती खेळण्यासारखी मिळेल. ‘हा गेम लॅग होतो’, म्हणजे अडखळतो, अशा मतांपैकी बरीच मतं गेमवर नसतात, त्या रात्रीच्या होस्टवर असतात.

पैशांचं विचारता ना? बाप मंडळी तर पहिलं तेच विचारतात. प्लॅटिनम नावाचं चलन आहे, ते खऱ्या पैशांनी मिळतं. पण तेच प्लॅटिनम खेळाडू एकमेकांत देऊ-घेऊ शकतात. रिलिकमधून निघालेला प्राइम भाग (प्राइम म्हणजे वॉरफ्रेमची नि हत्यारांची सरस आवृत्ती) दुसऱ्याला विकून आमच्यातल्या कित्येकांनी खिशातला एक रुपया न घालता प्लॅटिनम कमावलंय. यावरही दोन मतं आहेत. काहींना हा सौदेबाजार आवडतो, काहींना वाटतं खेळायला आलो की दुकान मांडायला. मी दिवसभर दुकानातच असतो, मला रात्री पुन्हा भाव करायचा कंटाळा येतो, पण पद्धत चोख आहे. एक गोष्ट मात्र कधीच मिळणार नाही: एक्सकॅलिबर प्राइम. तो फक्त अगदी सुरुवातीला कंपनीला पैसे देऊन पाठबळ देणाऱ्या फाउंडरांकडे आहे. त्यावरून आजही लोक कुरकुरतात.

कंपनी ऐकते का, या मुद्द्यावर मी जरा कंपनीच्या बाजूने झुकतो. एकेकाळी गेममधल्या कुब्रो या कुत्र्यासारख्या पाळीव प्राण्याचा रंग थोडं प्लॅटिनम देऊन पुन्हा पुन्हा बदलता यायचा, आणि कुठला रंग येईल ते नशिबावर. एका खेळाडूने असा रंग सुमारे २०० वेळा बदलल्याचं आकड्यांत दिसलं, तेव्हा कंपनीने स्वतःच ती सोय काढून टाकली. हे तिथल्या लोकांनीच पुढे सांगितलंय. दुसरं म्हणजे रिबेका फोर्ड. खेळाडूंशी बोलणं, त्यांच्या शिव्या-ओव्या ऐकणं हे त्यांचं मूळ काम. गेममध्ये खेळाडूंना मोहिमांच्या सूचना देणाऱ्या लोटस या पात्राचा आवाजही त्यांचाच. २०२२ मध्ये त्या क्रिएटिव्ह डायरेक्टर झाल्या. मतं ऐकण्याच्या खुर्चीवरचा माणूस थेट गेमचा कारभार बघायला लागला, असं या धंद्यात नेहमी होत नाही. २०२० मध्ये टेन्सेन्ट या चिनी कंपनीने डिजिटल एक्स्ट्रीम्सची मालक कंपनी लेयू विकत घेतली, तेव्हा ‘आता हाही चायनीज झाला, आता लुटणार’ अशी ओरड झाली होती. दुकानातही हे विचारलं गेलं. त्यानंतर मी खेळतोच आहे, आणि खिशात हात घालायची सक्ती मला तरी कुठे दिसलेली नाही.

एक गंमत सांगायची राहिली. २०१७ मध्ये या गेममध्ये सीटस नावाची किनाऱ्यावरची वस्ती आली, आणि तिच्याबाहेर मोठं मोकळं मैदान. तिथे मासे मारता येतात. भाला घ्यायचा, आमिष टाकायचं, पाण्यात सावली हलली की फेकायचा. काही मासे रात्रीच येतात. बरेच खेळाडू याला वेळकाढूपणा म्हणून नावं ठेवतात. आमच्या क्लॅनमधला एक जण घरी हे खेळत असताना त्याचे काका मागे येऊन उभे राहिले. त्यांचा जन्म होडीत गेलेला. बराच वेळ बघून म्हणाले, ‘भाल्यान मारतत? मगे जाळी कित्याक?’ आणि तरीही पुढचा मासा येईपर्यंत तिथून हलले नाहीत. माझ्या मते सीटसबद्दलचं ते सगळ्यात नेमकं मत आहे.

तर घ्यायचा का? तुमच्याबरोबर खेळायला एक जरी ओळखीचा माणूस असेल, तर डोळे झाकून घ्या. एकही नसेल तर आधी क्लॅन शोधा. सगळ्यात लहान प्रकारचा, ज्याला घोस्ट म्हणतात, त्यात १० जण मावतात. गावातल्या पोरांना तेवढा पुरतो. आमच्यात निम्मे मालवणात, बाकीचे मुंबई-पुण्यात, एक जण बोटीवर. गणपतीत सगळे गावात असतात, तेव्हा कुणी लॉगिनच करत नाही. खाते उघडल्यावर मिळणारं ५० प्लॅटिनम रंगरंगोटीवर घालवू नका, त्यातून वॉरफ्रेमच्या नि हत्यारांच्या जागा घ्या. सुरुवातीला वॉरफ्रेमसाठी दोनच जागा असतात. पुढे खरे पैसे घालायचेच झाले, तर रोजच्या लॉगिनच्या बक्षिसांत कधीतरी ७५ टक्के सवलतीचं कूपन निघतं, त्याची वाट बघा.

आणि पोरगा जेवायला हाक मारली तरी उठत नाही म्हणणाऱ्या आईबापांसाठी: एकटा खेळत असेल तर हा गेम मधेच थांबवता येतो, पथकात असेल तर येत नाही. तो ‘अजून पाच मिनिटं’ म्हणाला तर ते खरं असू शकतं, सर्व्हायव्हल मोहिमेत बक्षीस दर ५ मिनिटांनी मिळतं. पाच मिनिटांनी पुन्हा ‘अजून पाच मिनिटं’ म्हणाला, तर पुढच्या बक्षिसासाठी बसलाय असं समजा आणि खुशाल ओरडा. राउटर मात्र बंद करू नका. तो होस्ट असेल तर बाकी तिघांच्याही घरी बोंब उठेल.