अंदमानची तिकिटं आणि माझ्या नावाचं कार्ड

आम्ही दोघं नवराबायको क्रेडिट कार्डावरच्या खर्चाबद्दल मिळणाऱ्या पॉइंटवर विमानाची तिकिटं काढून अंदमानला जाऊन आलो हे कळल्यापासून बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या मैत्रिणी एकच विचारतात, "कुठलं कार्ड घेतलंस?" मला मात्र आधी सांगावंसं वाटतं ते वेगळंच. कार्ड कुठलंही घ्या, पण दोघांची दोन घ्या, आणि बायकोचं बायकोच्या नावावर असू द्या.

मी घरी शिकवण्या घेते. पगाराची स्लिप नाही. बँकेत अर्ज घेऊन गेले तर समोरच्यांनी तो उघडूनही पाहिला नाही. "मॅडम, मिस्टरांच्या कार्डावर ॲड-ऑन घ्या ना, लगेच होईल." होतं खरं लगेच. पण ॲड-ऑन म्हणजे मुख्य कार्डाला जोडलेलं जादा कार्ड; त्याचं बिल मुख्य कार्डधारकाच्या नावावर, पॉइंट त्याच्याच खात्यात आणि वेळेवर पैसे भरल्याची पतही त्याचीच. मला ते नको होतं. इतकी वर्षं घरखर्चाचा हिशोब मी ठेवते, मग त्याची नोंद माझ्या नावावर का नसावी?

वाट निघाली मुदत ठेवीतून. ठेव तारण ठेवली की पगाराचा पुरावा न मागता कार्ड देणाऱ्या बँका बऱ्याच आहेत. मर्यादा साधारण ठेवीच्या 80-90 टक्के मिळते आणि ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. त्या कार्डावर किराणा, औषधं, फोनचं बिल एवढंच टाकत गेले आणि मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आतच राहिले. आपली कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिलचा गुणांक 300 ते 900 मध्ये असतो आणि वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून माझ्या नावापुढे आकडा पाहिला त्या दिवशी मनापासून आनंद झाला. पुढचं प्रवासाचं कार्ड त्याच आकड्यावर मिळालं, नवऱ्याची सही न लागता.

आता पॉइंट. नव्या कार्डावर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत ठरावीक खर्च केला की जादा पॉइंट मिळतात आणि मोठा साठा तिथेच होतो. म्हणून कार्ड कधी घ्यायचं याला महत्त्व आहे. मी अर्ज केला गणपतीच्या आधी. गणपती, नवरात्र, दिवाळी, त्यातच मुलाची फी. हे खर्च तसेही होणारच होते. नवऱ्याचं कार्ड मुद्दाम नंतर, त्याच्या घरच्या लग्नाच्या खरेदीच्या वेळी घेतलं. दोन्ही एकदम घेतली असती तर एवढा खर्च आणायचा कुठून? पॉइंटसाठी एकही वस्तू जास्तीची घ्यायची नाही, हे आमचं आधीच ठरलेलं होतं.

सगळ्याच खर्चावर पॉइंट पडत नाहीत. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे हे बहुतेक कार्डांवर वगळलेले असतात. विमा आणि वीजबिलाचं कार्डागणिक वेगळं. अटींचं ते कंटाळवाणं पत्रक पेन हातात घेऊन वाचावंच लागतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण ते व्यापाऱ्याच्या क्यूआरवरच चालतं. खंडेराव मार्केटमध्ये मसाल्याच्या दुकानात चालतं, बाहेर लारीवर भाजीवाल्या मावशींच्या वैयक्तिक क्यूआरवर नाही.

आणि बिल पूर्ण भरायचं. 'किमान देय', म्हणजे बिलाचा थोडाच भाग भरून बाकीचं पुढे ढकलणं, हा शब्द घरात उच्चारायचाही नाही. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. शिवाय व्याज खरेदीच्या दिवसापासून धरतात आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. त्यापुढे कुठलाही पॉइंट टिकत नाही. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्टच सांगते.

अंदमान का, तर दांडिया बाजारातल्या अरविंद निवासामुळे. अरविंद घोष 1893 ते 1906 बडोदा संस्थानात होते, हे इथे सगळ्यांना ठाऊक. त्यांचा धाकटा भाऊ बारींद्र अलीपूर बॉम्बखटल्यात जन्मठेप होऊन अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये गेला. तो तुरुंग बघायचा हे माझ्या मनात कधीपासून होतं; तिकिटांचे भाव बघून गप्प बसत होतो.

पॉइंट वापरण्याची रीत मात्र नीट समजून घ्यावी. माझ्या कार्डाचा एक पॉइंट बिलात वळता केला तर 20 पैशांचा होतो. तोच विमान कंपनीच्या खात्यात वर्ग करून महागड्या मार्गावर वापरला तर त्याचं मोल कितीतरी जास्त होतं. पण वर्ग केलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून आधी जागा बघायची, मग पॉइंट हलवायचे. पॉइंटवरच्या जागा थोड्या असतात आणि आम्हाला एकाच विमानात दोन हव्या होत्या. रात्री जेवणं आटोपली की टेबलावर दोन फोन आणि माझी शिकवणीची वही घेऊन आम्ही तारखा मागेपुढे करत बसायचो. वहीत तारीख, लागणारे पॉइंट आणि रोख भरायचा कर, असे तीन रकाने. करामुळे तिकीट कधीच पूर्ण फुकट नसतं.

जाण्याच्या दोन तिकिटांपुरते पॉइंट माझ्याकडे होते, येण्याच्या दोन तिकिटांपुरते त्याच्याकडे. एकाचे दुसऱ्याच्या खात्यात हलवायच्या भानगडीत न पडता जाताना दोघांची तिकिटं मी माझ्या खात्यातून काढली, येताना दोघांची त्याने. नाव मात्र बँकेत, विमान कंपनीत आणि आधारवर अक्षरशः एक हवं. आपल्याकडे मधलं नाव कुठे असतं, कुठे नसतं. माझं विमान कंपनीतलं नाव मी पॉइंट हलवण्याआधीच दुरुस्त करून घेतलं.

पॉइंट साठवून ठेवू नका. विस्तारा ही विमान कंपनी 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या क्लब विस्तारा योजनेतले पॉइंट एअर इंडियाकडे वर्ग झाले. पॉइंटच्या योजना अशा बदलतात, दरही बदलतात.

स्वराज द्वीपची (पूर्वीच्या हॅवलॉकची) बोट, हॉटेल आणि जेवण यांचे पैसे आम्ही रोखीनेच मोजले. सेल्युलर जेलच्या पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. त्यातल्या एकीत आम्ही खूप वेळ होतो.

परत आल्यावर प्रवासाच्या दोन्ही कार्डांची वार्षिक फी कधी लागते ते वहीत लिहिलं. नवऱ्याचं कार्ड फीच्या आधी बंद करणार आहोत. बिल पूर्ण भरलेलं असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझं ठेवीवरचं कार्ड राहील. त्याला फी नाही आणि माझ्या नावावरची सगळ्यात जुनी नोंद तीच आहे.