ओलाव्याची वही

आज लातूरच्या मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, परत येताना मन भरून आलं. मागच्या हंगामात आमच्या शेतकरी कंपनीचं सोयाबीन ओलं म्हणून कडता, म्हणजे वजनातली कपात, कापला, तेव्हा आम्ही नुसते चिडलो. आमच्यातल्या एका काकूंनी मात्र वही घातली. किती कट्टे, किती ओलावा, किती कपात, त्या दिवशीचा भाव. पानं चाळली तेव्हा दिसलं, हमीभावाच्या खरेदीला ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो, अन् आमचा माल दरवेळी 15 च्या पुढं!

यंदा ताडपत्रीवर दोन उन्हं दिली, ओलावा मोजायचा मीटर लावला, आदल्या रात्री तीन मिलवाल्यांना फोन करून भाव विचारले.

आज खरेदीदारानं दाणा दाताखाली धरला. कट्‌कन फुटला. कडता शून्य!

काकू आता नव्या पोरांना वही लिहायला शिकवतायत. तुरीचं पानही आखून ठेवलंय.