वाकायचं नाही

नागपंचमीच्या आदल्या दिवशी भाजी घेऊन निघाले तर मागून एक मुलगा ओरडत आला, "ओ मावशी, चप्पल राहिली तुमची!" खाली बघते तर उजव्या पायात चप्पलच नाही, आणि मी तशीच आठ-दहा पावलं चालून आलेली. पायातून चप्पल निघाली तरी कळलं नाही म्हणजे काय ना.

कंबर त्याआधी दोन-अडीच महिने दुखतच होती. धुण्याची ओली बादली उचलताना कट्कन झालं होतं, मग आठवडाभराने कळ कंबरेतून निघून ढुंगणातून थेट पोटरीत उतरायला लागली, शिंक आली तर भिंत धरायची अशी गत. तेल, शेक, पट्टा, गोळ्या, सगळं करून झालं होतं आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं पण, दीड-दोन-तीन महिन्यांत नस आपोआप शांत होते, त्यामुळे कंबर दुखली की लगेच ऑपरेशन असं कृपा करून कोणी मनात आणू नका. माझी गोष्ट चपलेमुळे बदलली. डॉक्टरांनी दोन्ही पायांचे अंगठे वर करायला लावले आणि बोटाने दाबून बघितले, डावा हलला नाही, उजवा त्यांच्या एका बोटाने आडवा झाला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुटून आतला गर नसेवर बसला होता. दुखणं सहन करत बसला असतात तर चाललं असतं, म्हणाले, पण ताकद जायला लागली की थांबायचं नाही. (लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर मात्र रात्री-अपरात्री सुद्धा उठून पळायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.)

ऑपरेशन गणपतीच्या बारा दिवस आधी झालं. पाठीवर जेमतेम इंचभर चीर, दुर्बिणीतून तेवढाच फुटका तुकडा काढला, बाकी गादी तिथेच. संध्याकाळी शुद्धीवर आले तर पायातली कळ गायब! अक्षरशः रडले मी. दुसऱ्या दिवशी चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, म्हणजे सकाळी सोडलं पण मेडिक्लेमची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ झाली, त्यावर जास्त बोलत नाही, बीपी वाढतं.

घरी येताना हातात कागद दिला, सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबरेतून वळायचं नाही. मला वाटलं त्यात काय. घरी आल्यावर कळलं की आपल्या घरात कंबरेच्या खालीच सगळं असतं. कुकर खालच्या कप्प्यात, कांदे-बटाटे ओट्याखाली, देवघर अगदीच बुटकं, गॅसचं रेग्युलेटर त्याहून खाली, आणि मुलाचे मोजे तर काय जमिनीवरच उगवतात. रक्तदाबाची गोळी हातातून पडली तेव्हा घरात कोणी नव्हतं, मी उभ्या उभ्या पायाच्या बोटांनी ती फरशीवरून भिंतीपर्यंत ढकलत नेली, वाटलं भिंतीला टेकली की बोटांच्या चिमटीत धरीन, पण बोटं उजव्या पायाची ना, ती कसली धरतायत. शेवटी सांडशी आणली. तिनेही वाकल्याशिवाय पोचेना. मग मॉपच्या दांड्याला सांडशी दोरीने बांधायचा विचार केला आणि नंतर स्वतःचंच हसू आलं, कारण शेजारी दुसरी अख्खी स्ट्रिप पडलेली होती.

उठायचं पण शास्त्र आहे. आधी गुडघे दुमडून ओंडक्यासारखं अख्खं कुशीवर व्हायचं, खांदा आणि कंबर एकदम, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटा देऊन वर यायचं. पहिल्या आठवड्यात मी रात्री एकदा बाथरूमला उठले की तीन मिनिटं जायची, नवरा शेजारी सायकल शिकवणाऱ्या बापासारखा हात पसरून उभा. बसणं वीस मिनिटंच, जेवण सुद्धा निम्मं उभ्याने. चालणं मात्र भरपूर, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये इतके फेरे मारले की वॉचमन काकांना माझा टाइम पाठ झाला.

पडल्या पडल्या मोबाईलवर वाचायचे. गादी फुटून नस दबते आणि म्हणून पाय दुखतो हे 1934 साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी पटवून दिलं, त्याआधी तो बाहेर आलेला तुकडा गाठ समजायचे म्हणे. आयुर्वेदात याच दुखण्याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, त्याच्या चालीवरून. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, हो, ऑगस्टमध्ये अगदी तशीच दिसत होतीस.

खरी पंचाईत झाली गौरींना. आत्याबाई (सासऱ्यांची बहीण, वय ब्याऐंशी, कडक) आल्या होत्या, सगळ्या सुना रांगेने वाकून नमस्कार करतायत आणि मी हात जोडून खांबासारखी उभी. सासूबाईंनी सांगितलं ऑपरेशनचं. आत्याबाई म्हणाल्या, "दिसत तर काही नाही." चीर पाठीवर, साडीखाली, दिसणार कुठून! गौरींपुढेही तशीच उभी राहिले, पण त्यांनी काही मनाला लावून घेतलं नसावं. आत्याबाईंनी लावलं. दोन दिवस "तुझी सून" असं सासूबाईंशी बोलताना.

सहा आठवड्यांनी फिजिओवाल्या ताईंनी वाकायला शिकवलं. चाळिशी ओलांडल्यावर वाकायचा क्लास! पाठीवर दांडा उभा धरायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही त्याला टेकलेली हवीत, गुडघे थोडे सैल, आणि ढुंगण मागे नेत खाली जायचं. कंबर नाही वाकवायची, खुब्यातून वाकायचं. घरी मी मॉपचा दांडा घेऊन आरशासमोर रोज करायचे, पोरगं व्हिडिओ काढायचं. कळ गेली ती गेली, अंगठ्यात ताकद निम्म्याहून जास्त आली, बधिरपणा अजून आहे, त्याला महिने लागतात म्हणाले. भीती मात्र आहेच, कारण शंभरातल्या पाच-दहा जणांची तीच गादी परत बाहेर येते हेही त्यांनीच सांगितलंय. शिंक आली की हात आपोआप भिंतीकडे जातो.

पाडव्याला आत्याबाई परत आल्या. मी ठरवलंच होतं. सोफ्याचा हात धरला, पाठ सरळ, एक गुडघा टेकला, व्यवस्थित खाली गेले आणि हात पुढे केला तर आत्याबाईंनी दोन्ही पाय पटकन वर सोफ्यावर घेतले. "नको गं बाई, परत काही झालं तर माझ्या माथी!"