डक्ट कुठून?

मंगळवार, रात्रीचे ११

माझा सेक्शन, म्हणजे बिल्डिंगचा उभा छेद दाखवणारं ड्रॉइंग, सरांकडून परत आला. लाल पेनाने एवढंच लिहिलेलं, "डक्ट कुठून?" म्हणजे एसीची हवा नेणारा पत्र्याचा चौकोनी मार्ग नेणार कुठून.

साताऱ्यात दोन वर्षं मी फक्त बंगल्यांची ड्रॉइंग्ज काढली. तिथे बीमखाली पंखा लटकवला की विषय संपला. इथे बाणेरच्या ऑफिस बिल्डिंगला फ्लोअर टू फ्लोअर, म्हणजे एका मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत, ३६०० मिलिमीटर बघून मला वाटलं मैदानच आहे, फॉल्स सीलिंग बिनधास्त २७०० वर ओढलं. सरांनी उभ्याउभ्या तोंडी हिशोब केला, फ्लोअरिंगचे ७५ गेले, स्लॅब धरून ६०० चा बीम, राहिले २९२५, त्यातून इन्सुलेशनसकट डक्ट ३५०, सीलिंगची जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) फ्रेम आणि जिप्सम बोर्डाला १००, म्हणजे सीलिंग २४७५ वरच. आणि आग विझवायच्या स्प्रिंकलरचा पाइप डक्टला क्रॉस होतो तिथे काय करणार? मी गप्प.

दुपारी साइटवर पाठवलं. दुसऱ्या मजल्यावर एएसी ब्लॉकचं, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंतींचं, काम चालू होतं. गवंडी काका चक्क हातकरवतीने ब्लॉक कापत होते, लाकूड कापावं तसा, भुगा पार माझ्या ओढणीवर. मी वीट समजून एका हाताने उचलायला गेले अन् फजिती! ६०० बाय २०० बाय १५० चा ब्लॉक, हलका हलका म्हणतात पण दहा-अकरा किलो भरतोच, आकार आठ-दहा विटांचा आहे ना.

मग वर पाहिलं तर भिंत बीमला टेकलेलीच नाही, बोटभर फट. काका म्हणाले मुद्दाम ठेवलीय, बीम थोडा बसतो, आत्ताच गच्च भरलं तर त्याचं वजन भिंतीवर येऊन तडा जाणार, वरचे स्लॅब झाले की नंतर भरायची. कॉलम आणि ब्लॉकच्या जोडावर चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, मारत होते, गिलाव्याला तिथेच चीर पडते म्हणून. आणि मग हसत हसत, "मॅडम, ही जाळी तुमच्या ड्रॉइंगात दिसली नाही कुठं?"

दिसणार कुठून. माझी भिंत म्हणजे दोन रेघा, थेट बीमच्या पोटाला भिडवलेल्या.

ऑफिसला येऊन शीट उघडली तर त्याहून भारी, जनरल नोट्स बंगल्याच्या फाइलमधून कॉपी केलेल्या, त्यात अजून "बाहेरील भिंत २३० वीटकाम" तसंच, आणि साइटवर तर ब्लॉक लागताहेत. अजून कोणाच्या लक्षात आलं नाहीये. सकाळी प्रिंटला जायच्या आत बदलायचंय, साडेआठलाच पोचते.