साडेसहाशे की साडेतीनशे? अंजनगावच्या पुढच्या चिखलाने दिलेलं उत्तर

आधी निकाल सांगतो, मग भांडतो. तुम्ही वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला या पट्ट्यात राहत असाल, गावाकडे, शेतावर, सोयरिकीत जाणं-येणं असेल आणि अधूनमधून एखादा लांबचा फेरा होत असेल, तर साडेतीनशे सीसीची क्रूझर मोटारसायकल घ्या. साडेसहाशे सीसीच्या टूरिंग गाडीवर शोरूममध्ये बसा, फोटो काढा आणि खाली उतरा.

मला आधी कोणी हे सांगितलं नाही. सांगितलं ते उलटं. शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, आपल्याकडे घाट कुठं आहेत? सगळे सरळ रस्ते. मोठीच घ्या, समृद्धीवर मजा येईल." समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे! नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, त्यातल्या एकाही किलोमीटरवर तुमची गाडी चालणार नाही, मग ती साडेसहाशेची असो की लूना. दुचाक्या विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. उरला जुना चौपदरी. त्यावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा. ८० ला साडेतीनशेचं इंजिन कुरकुर न करता दिवसभर चालतं. मग मोठीची ४७ अश्वशक्ती खर्च करायची कुठं?

सांगण्यावर भागलं नाही म्हणून फेरा आखला. साळ्याकडे साडेतीनशे आहेच. मी नागपुरातून साडेसहाशे भाड्याने घेतली. दोघांनी अदलाबदल करत चालवायच्या असं ठरलं. मार्ग: नागपूर, अमरावती, परतवाडा, सेमाडोह, चिखलदरा, पुन्हा परतवाडा, मग अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, मूर्तिजापूर आणि महामार्गाने परत. महिना ऑक्टोबरचा, सोयाबीनच्या काढणीचा. परतीचा पाऊस अजून गेला नव्हता.

नागपूर-अमरावतीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मोठी गाडी तिथं राजा आहे. समोरच्या काचेमुळे वारा छातीवर येत नाही, मागं बसणाऱ्याला पाठटेकू आहे, दुचाकीला टोल नाही. मेळघाटही छानच. सेमाडोहच्या वळणांवर साळ्याची गाडी माझ्या पुढं निघून गेली आणि तो वाट बघत चहा पीत बसला. चिखलदऱ्याला धुकं होतं, तिथलीच कॉफी प्यायलो. शनिवार-रविवारी खोलीचे भाव ऐकून जीव जातो, त्यामुळे मधल्या वारी जा. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या, पुढच्या जंगलात पंपाच्या भरवशावर राहू नका. मोठीची टाकी १५.७ लिटरची, लहानीची १५ ची. पण मोठीने मला लिटरला तेवीसच्या आसपास दिलं आणि लहानीने तेहेतीसच्या. म्हणजे एका टाकीत लहानी शंभरावर किलोमीटर पुढं जाते.

आता मुद्द्यावर येतो.

परतवाडा सोडून पथ्रोटवरून अंजनगावकडे निघालं की घाट संपतो आणि पूर्णेचं खोरं लागतं. बाजूला कुठं कुठं शकुंतलेचे रूळ दिसतात, मूर्तिजापूर-अचलपूरची ती अरुंद गाडी आता बंद आहे. इथून दर्यापूरपर्यंत काळी, भारी माती. खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, याच खोऱ्यात. ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. चारचाकीत बसून हे कळत नाही. दोन चाकांवर लाटेवर बसल्यासारखं होतं आणि मोठी गाडी प्रत्येक लाटेला खाली बसते. तिची जमिनीपासून उंची १३५ मिलिमीटर, लहानीची १७०. गावोगावी लोकांनी स्वतः टाकलेले गतिरोधक आहेत. त्यांना ना रंग, ना फलक. मागे बॅगा बांधलेल्या असल्या की खालून घासल्याचा आवाज यायचाच.

त्यात रस्त्यावर सोयाबीन. अर्धा रस्ता अडवून मळणीयंत्र उभं, उरलेल्या अर्ध्यात कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, उडतंय. कोरड्या कुटारावर ब्रेक लावू नका, गाडी सरकते. ओल्या कुटारावर तर ब्रेकला हातही लावू नका. शेतकऱ्यावर चिडू नका, त्याला दुसरं खळं नाही. तुम्हीच वेग कमी करा.

अंजनगाव मागं टाकल्यावर एका पुलाचं काम चालू होतं आणि वाहतूक शेताकडेच्या तात्पुरत्या वळणरस्त्याने काढून दिली होती. ठेकेदाराने त्यावर मुरूम टाकायला हवा होता. टाकली होती नुसती बाजूची काळी माती. आदल्या रात्री पाऊस पडलेला. फलक होता: 'वाहने सावकाश चालवा.' अंतर किती, तर एसटीला दोन मिनिटं लागतील इतकं. आम्हाला दुपार गेली.

काळ्या मातीत गाडी घसरून पडते असं शहरात समजतात. आधी तसं होत नाही. आधी माती चाकाला चिकटते, चाकाबरोबर फिरते आणि मडगार्डच्या आत जाऊन दाबून बसते. दहा-वीस फुटांत पुढचं चाक फिरणंच थांबतं. तुम्ही एक्सलेटर देता, क्लच जळल्याचा वास येतो, मागचं चाक जागच्या जागी खड्डा करतं, आणि मग गाडी हळूच, अगदी सावकाश, आडवी होते. मोठी गाडी अशी दोनदा आडवी झाली. वजन २४१ किलो, टाकीतलं पेट्रोल धरून. लहानी १९१. फरक ५० किलोचा, म्हणजे सिमेंटची एक गोणी. कागदावर काहीच वाटत नाही. पाय घोट्यापर्यंत रुतलेले असताना ती गोणी उचलून बघा. शोरूममध्ये म्हणाले होते, चालत्या गाडीचं वजन कळत नाही. बरोबर आहे. पण आमची चालत कुठं होती?

लहानीही अडकली, खोटं बोलणार नाही. पण तिचं मागचं चाक दोघांनी उचलून कडेच्या गवतावर ठेवता आलं. तिथून साळा तिच्या बाजूने चालत, पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडून, तिला हळूहळू घेऊन गेला. मोठीला दुसऱ्या वेळी आम्ही दोघं मिळून सरळ उभीसुद्धा करू शकलो नाही. साळा म्हणाला, "भाऊजी, आता इथंच ताईसाठी प्लॉट घेऊन टाका."

शेवटी सोयाबीन घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर थांबला. उतरून त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इतकी जड गाडी घेऊन कायले आले भाऊ इकडं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याने तीनशे मागितले, आम्ही तीनशे दिले. या अख्ख्या फेऱ्यात वाजवी पैसे घेणारा तोच एक भेटला.

या पट्ट्यात पावसाळ्यात किंवा परतीच्या पावसात जाणार असाल, तर जाड दोरी, लांब स्क्रूड्रायव्हर आणि हातमोजे न्या. मडगार्डमधली माती काठीने निघत नाही, काठी मोडते. वळणरस्ता आधी पायी चालून बघा. ट्रॅक्टरच्या चाकोरीत जाऊ नका, कडेच्या गवतावरून जा. आणि चाक अडलं की तिथंच थांबून माती काढा. जोर लावून सुटेल असं वाटतं, पण नाही सुटत. शक्य असेल तर हा तुकडाच टाळा: परतवाड्यावरून सरळ अमरावतीला या आणि महामार्ग धरा.

मूर्तिजापूरला महामार्गावर चढलो तेव्हा अंगावरचा चिखल वाळून तडकत होता. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रम झाला होता. त्यातला एखादा तास या वळणरस्त्याला दिला असता तर बरं झालं असतं. (मला माहीत आहे, खातं वेगळं, ठेकेदार वेगळा. तरी.)

दुसरा चिखल नागपुरात होता. गाडी भाड्याने देणाऱ्याचा दर दिवसाला अडीच हजार, रोज अडीचशे किलोमीटरची मर्यादा, वर प्रत्येक किलोमीटरला दहा रुपये. इथपर्यंत ठीक, ते आधी सांगितलं होतं. परत देताना त्याने मोबाईलचा दिवा लावून गाडीखाली वाकून पाहिलं आणि अनामतीतून धुलाईचे पाचशे, सायलेन्सर घासल्याचे अडीच हजार, एक तास उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचं भाडं कापलं. सायलेन्सरवर आधीचेही ओरखडे होते, पण माझ्याकडे पुरावा नव्हता, कारण गाडी ताब्यात घेताना वरून व्हिडिओ काढायला सांगतात, खालून कोण काढतो? तुम्ही काढा. जमिनीवर आडवे व्हा आणि काढा. पाटीही बघा: भाड्याच्या दुचाकीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

आणि किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. साडेतीनशे म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीचं इंजिन ३४९ सीसीचं असतं, ते उगाच नाही. म्हणजे जी गाडी तुम्हाला वळणरस्त्यावर उचलता येणार नाही, तिच्यावर सरकारला दुपटीहून जास्त दराने कर द्यायचा.

मोठीच्या बाजूने एकच गोष्ट मान्य करतो. दोघं बसून, सामान बांधून, चढावर एसटीच्या पुढं काढायचं असेल तर लहानी दमते. तिचा जोर २७ न्यूटन-मीटर, मोठीचा ५२. परतवाड्याच्या घाटात मला एका बसमागे बराच वेळ धूर खावा लागला. ज्यांचा प्रवास नेहमी दोघांचा आणि महामार्गाचाच, त्यांनी मोठी घ्यावी, मी अडवत नाही. पण मग गाव, शेत, पांदण रस्ता यासाठी घरात दुसरी गाडी ठेवा.

मी साडेतीनशे नोंदवली आहे. बायकोचा आग्रह पाठटेकूचा होता. तो सुटा मिळतो, लावून घेणार आहे. समोरची काचही.